तात्यांना कळू द्यायचं नाही

तात्या पोतनीसांनी सायकल एखाद्या फाटकाला टेकवली की त्या घरातल्या बायका आधी कपाळाला हात लावायच्या आणि मग चहाचं आधण ठेवायच्या. कोण गेलं ते कळायच्या आधीच. कुणीतरी गेलेलं असणार, एवढं नक्की असायचं. तात्या तार ऑफिसात काउंटरवर होते आणि उज्जैनमधल्या निम्म्याअधिक मराठी घरांत मरणाची बातमी त्यांच्या तोंडून पोचली होती. तार वाटायला वेगळा माणूस होता. पण मरणाची तार तात्या त्याच्या हातून काढून घेत आणि स्वतः जात. "असलं काम कुणावरही सोडता येत नाही यार," म्हणत. आपलं आडनाव पोतनीस असल्यामुळे सरकारी निरोप पोचवणं आपल्या रक्तातच आहे, असा त्यांचा दावा होता. पोतनिसाचं काम खजिन्याचं असे, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं.

माझी त्यांची ओळखही मरणावरूनच झाली. मी बदली होऊन बँकेच्या फ्रीगंजच्या शाखेत नवा आलो होतो. महाकालाच्या दर्शनाला म्हणून आलेले माझे काका आमच्याच घरी सकाळी गेले. जबलपूरच्या चुलतभावाला कळवायला मी तार ऑफिसात धावलो आणि सगळं जग लिहितं तसं लिहिलं: फादर सीरियस, कम सून. काउंटरमागच्या जाड मिशीवाल्या गृहस्थांनी कागद वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"गेले की आहेत?"

मी म्हटलं, गेले, सकाळी.

"मग सीरियस कसे? सगळ्या गावात आज त्यांच्याइतका निवांत माणूस नसेल." त्यांनी कागद परत सरकवला. "तुझा भाऊ रात्रभर गाडीत नवस बोलत येईल. अभिषेक बोलेल, सिगरेट सोडतो म्हणेल. दारात आल्यावर कळलं की त्या नवसांचं काय करायचं त्याने? तू फेडणार?"

मी बँकेतला माणूस. तडजोडीत हुशार. मी विचारलं, 'व्हेरी सीरियस' लिहिलं तर चालेल का? मागच्या रांगेतले दोघेजण हसले. तात्या हसले नाहीत. त्यांनी पेन उचललं, माझ्या देखत 'एक्स्पायर्ड' लिहिलं, शिक्का मारला आणि शेजाऱ्याला काउंटर सांभाळायला सांगून माझ्याबरोबर घरी आले. बांबू कुठून, लाकडं कुठली कोरडी, गुरुजी कोणते घाई करत नाहीत, सगळं त्यांना पाठ. मी मडकं धरून नुसता त्यांच्यामागून हिंडलो. काका माझे होते, पण बघणाऱ्याला मीच परका वाटलो असेन.

पुढे मला घर मिळालं ते नेमकं त्यांच्या भिंतीला भिंत लागून.

बातमी सांगायची त्यांची पद्धत ठरलेली. चप्पल काढायची नाही, पाणी घ्यायचं नाही, बसायचं नाही. उभ्यानं, एका वाक्यात. 'जरा मन घट्ट करा' वगैरे प्रस्तावनेची त्यांना शिसारी होती. आमच्या मॅनेजरांचे सासरे वारले तेव्हा तात्या ऐन हिशेबतपासणीत शाखेत शिरले आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "साहेब, ग्वाल्हेरचे सासरे गेले." मॅनेजरांनी "ठीक," म्हटलं आणि पुढची फाईल ओढली. तात्या त्यानंतर कितीतरी वर्षं त्या मॅनेजरांचं कौतुक करत होते. असा एकच मर्द त्यांना सगळ्या नोकरीत भेटला म्हणे. त्यांना धीर देणं मात्र अजिबात जमत नसे. कुणी रडायला लागलं की ते तुळया मोजल्यासारखे वर बघत उभे राहायचे. पण राख सावडेपर्यंत हलायचे नाहीत. लोकांच्या लक्षात त्यांचं ते एक वाक्य राहायचं, हे दुसरं विसरायला व्हायचं.

मग गल्लोगल्ली एसटीडीचे बूथ उघडले. पिवळ्या पाट्या, काचेच्या पेट्या. तात्या तार घेऊन पोचायचे तर घरात रडारड आधीच सुरू. बेकार झालेल्या माणसासारखे ते फाटकाशी घुटमळायचे. "आता मरण परस्पर कानात येतं," एकदा मला म्हणाले. "सांगणाऱ्याला समोर उभंसुद्धा राहावं लागत नाही."

त्याच दिवसांत त्यांच्या छातीत दुखलं. आमच्याच घरी. दाल-बाफल्यांचा बेत होता, उकडून भाजलेले कणकेचे बाफले तुपात बुडवून वर आणखी तूप, आणि तात्यांनी तिसऱ्या बाफल्यावर हात छातीशी नेला. मी तत्काळ निदान केलं: गॅस. ओवा दिला, हिंग लावला, आणि चालल्यानं मोकळं होतं म्हणून त्यांना देवास गेटपर्यंत पायी नेऊन लिंबू सोडा पाजला. परत येताना ते घामानं निथळत होते, आणि मी म्हणत होतो, बघा, उतरतंय. दुसऱ्या दिवशी कार्डिओग्राम काढणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, यांना चालवलं कुणी? मी खिडकीबाहेर बघितलं.

इंदूरला न्यावं लागलं. परदेशी माल तेव्हा नुकता खुला झाला होता, त्यात शाम्पूबरोबर हृदयातल्या स्प्रिंगाही आल्या. डॉक्टर 'स्टेंट' म्हणायचे, आमच्याकडे सगळे 'छल्ला'. डॉक्टर तरुण, अमेरिकेहून परतलेले. त्यांनी नस कुठे तुंबली आहे आणि मांडीच्या सांध्यातून तार घालून छल्ला तिथवर कसा नेणार, ते चित्र काढून समजावलं. तार म्हटल्यावर तात्या जरा खुलले.

तयारीचा दिवस त्यांनी गाजवला. वॉर्डबॉय वस्तरा घेऊन मांडीचा सांधा साफ करायला आला तर म्हणाले, "भिया, हमारे यहाँ मुंडन मरने के बाद होता है, और वो भी दूसरों का." मग डॉक्टरांना गाठून विचारलं, मी टेबलावर गेलो तर बाहेर सांगणार कोण? तुम्ही की नर्स? आणि नेमकं काय म्हणणार? डॉक्टर म्हणाले, काका, ऐसा नहीं सोचते, टेन्शन नहीं लेना है. हे वाक्य तात्यांच्या आयुष्यात त्या दिवशी शिरलं. डॉक्टरांचं काही खरं नाही असं ठरवून त्यांनी आपल्या बायकोला, माईंना, सांगायचं काम माझ्यावर सोपवलं. वाक्यही ठरवून दिलं: माई, तात्या गेले. पुढेमागे काही जोडायचं नाही.

त्या दुपारी त्यांचे थोरले भाऊ, दादा, देवासहून बसनं आले. निवृत्त शाळामास्तर, बायको गेलेली, मूलबाळ नाही. दोघं भाऊ फार बोलणारे नव्हते. दादांनी आणलेली मोसंबी सोलून तात्यांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "तू आधी जाऊ नकोस हो. माझं कोण करेल?"

"मी आहे ना," तात्या म्हणाले. "तुझा पिंड माझ्या हातचा. शिप्रेवर. काय घाई आहे का तुला?"

दादा हसले. मग दोघांनी ती मोसंबी संपवली.

सकाळी तात्यांना आत नेलं. मी व्हरांड्याच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून माझ्या वाक्याची तालीम करत होतो. नुसतं पुटपुटून जमेना. तात्या म्हणायचे, वाक्य पोटातून यायला हवं. म्हणून एकदा जरा स्वच्छ आवाजात म्हटलं, "माई, तात्या गेले." मागे काहीतरी पडलं. माई मला चहा घेऊन आल्या होत्या.

आत तात्या पूर्ण शुद्धीवर होते, पडद्यावर स्वतःचं हृदय बघत डॉक्टरांना प्रश्न विचारत होते. बाहेर त्यांच्या बायकोला स्ट्रेचरवर घातलं होतं. त्यांचा मुलगा शिरीष, जो इंदूरच्याच एका कंपनीत गाड्या विकायचा, माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होता ती मला आजही आठवते. शुद्धीवर आल्यावर माईंनी पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, की आजपासून ह्या घरात कुणीही कुणाला असली बातमी तोंडावर मारायची नाही. मला उत्तर द्यायचा अधिकार उरला नव्हता.

छल्ला उत्तम बसला. मांडीवर वाळूची पिशवी ठेवून तात्यांना दिवसभर सरळ झोपवलं, मग दोन दिवसांनी उज्जैनला आणलं. जिना नाही, जड उचलायचं नाही, खाली मांडी घालून बसायचं नाही, तेल नाही, शेव नाही. माळव्यात शेव बंद म्हणजे ताटाला अर्थच राहिला नाही. आणि सगळ्यांच्या वर, टेन्शन नाही. माई आणि शिरीषनं हे पथ्य इतर सगळ्यांपेक्षा कसोशीनं पाळलं. विजेचं बिल, गॅसचा नंबर, गळकी टाकी, काहीही विचारलं तरी उत्तर एकच: तुम्ही टेन्शन घेऊ नका. पेपरसुद्धा शिरीष आधी चाळून मधलं पान काढून द्यायचा. निधनवार्ता मधल्या पानावर असत.

तात्या घरी आले त्याच आठवड्यात दादा देवासला झोपेत गेले.

निरोप एसटीडी बूथवाल्यानं आणला, तो माझ्या घरी. आमच्या पुढच्या खोलीत बैठक बसली. शिरीष बूथवर जाऊन इंदूरच्या डॉक्टरांना फोन करून आला. डॉक्टर म्हणाले, एवढ्यात धक्का नको, बाकी तुम्ही बघा. माई भिंतीकडे बोट करून म्हणाल्या, ह्यांना कळू द्यायचं नाही. तेरावा झाला की सांगू. मी आवाज खाली ठेवून म्हणालो, तात्यांनी दादांना शब्द दिला होता. माई म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही बोलूच नका." बरोबरच होतं. बातमी सांगण्याच्या बाबतीत माझी पत गेलेली होती.

शिरीषनं देवासला जाऊन अग्नी दिला. गुरुजींनी शास्त्रातून वाट काढून दिली. ती त्यांना नेहमीच सापडते. पण शिरीषनं क्षौर केलं आणि डोकं तुळतुळीत झालं. ते डोकं घेऊन बापासमोर कसं जायचं? म्हणून शिरीष कंपनीच्या कामानं भोपाळला गेला असं ठरलं आणि तो माझ्या मागच्या खोलीत चटई टाकून राहिला. भिंतीपलीकडे तात्या खोकले की अलीकडे तो दचकायचा.

एक अडचण कुणाच्या डोक्यात आली नव्हती. सुतक. घरातल्या देवांची पूजा कोण करणार? तात्यांना खाली बसायला बंदी. शिरीष सुतकी. माईही सुतकी, आणि त्या नवऱ्याशी धडधडीत खोटं बोलायला तयार होत्या, पण सुतकात देवाला हात लावायला मरेपर्यंत तयार नव्हत्या. दिवा लावायलासुद्धा नाही. देव पारोसे ठेवणंही मान्य नाही. तेव्हा वेगळ्या गोत्राचा, हाताशी असलेला, विश्वासातला असा एकच माणूस उरला.

मी आयुष्यात पूजा केली नव्हती. मुंजीनंतर संध्यासुद्धा नाही. रोज सकाळी मी चोरासारखा मागच्या दारानं शिरायचो, तात्यांच्या खोलीचा पडदा ओढलेला आहे ना बघायचो, आणि देवांना आंघोळ घालायचो. गणपतीला तुळस वाहिली. बाळकृष्णाला एवढं गरम पाणी घातलं की मलाच चटका बसला. माई दारातून खुणेनं सांगायच्या, आणि मला खुणा कळायच्या नाहीत. तात्या सकाळच्या गोळ्यांनी गुंगीत असायचे, म्हणून निभावलं.

दहाव्याचा विधी राम घाटावर होता. शिरीषबरोबर मी गेलो. गुरुजींनी पिंड मांडले आणि आम्ही मागे सरून उभे राहिलो. मला वाटलं होतं, आता तासभर खोळंबा. इथे कावळे तरी कुठे उरलेत? पण पिंड ठेवून हात मागे घेतला न घेतला तोच कावळा आला आणि शिवला. गुरुजीसुद्धा म्हणाले, आत्मा बहुत संतुष्ट था. शिरीष रडला. मला वाटलं, चला, दादांनी समजून घेतलं.

घाटावरून येऊन आंघोळ करून पूजेला पोचलो तोवर उशीर झाला होता. तात्या उठले होते. पडदा बाजूला होता. मी पाटावर बसून घंटी वाजवत होतो आणि पाठीमागे कॉटवरून आवाज आला.

"गणपतीला तुळस कुणी शिकवली तुला?"

मी तुळस उचलली. ती कुठे ठेवावी ते कळेना म्हणून मुठीत धरली. माझ्या नसलेल्या मंत्रांचं पुटपुटणं तेवढं चालू होतं.

मग त्यांनी विचारलं, "सोयर की सुतक?"

मराठी घरात परक्यानं येऊन देव पुजले तर त्याचे दोनच अर्थ होतात. भाऊबंदकीत कुणी जन्मलं किंवा कुणी गेलं. हे पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. आम्ही एवढा बंदोबस्त केला, पेपराचं पान काढलं, पोरगा लपवला, आणि सोवळ्यापायी त्यांच्या डोळ्यांसमोर सगळं मांडून ठेवलं. मी वळलो. दारात माई उभ्या होत्या. त्यांचे डोळे पाहिले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सोयर, तात्या. सोयर."

"कुणाकडे?"

"ग्वाल्हेरला. तुमच्या चुलत पुतण्याला."

"काय झालं?"

"मुलगा." मी आता सुटलोच होतो. "साडेसात पौंडांचा. आजोबांच्या वळणावर आहे म्हणतात."

तात्या माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चांगलंच झालं की. जा, पेढे आण. मला चालणार नाही, पण माईला देऊ या. हिनं महिनाभर गोड खाल्लेलं नाही."

मी गेलो. दुसरं काय करणार होतो? फ्रीगंजच्या हलवायाकडून पेढे आणले आणि पुडा तात्यांच्या हातात दिला. त्यांनी एक पेढा काढून माईंपुढे धरला. "घे. पोतनिसांचं नाव पुढे चाललं." माईंचा हात वर येईना. तात्या तसाच हात धरून राहिले. माईंनी पदर तोंडात कोंबला आणि खाली बसल्या.

तात्यांनी पेढा पुड्यात परत ठेवला.

"दादा ना?" ते म्हणाले.

मी पुड्याची सुटलेली सुतळी बोटाला गुंडाळू लागलो.

"शिरीष भोपाळला नाही. सकाळी भिंतीपलीकडे शिंकला. बोलाव त्याला."

मी भिंतीवर थापट मारली. शिरीष आला. कंपनीच्या जाहिरातीची टोपी त्यानं कपाळापर्यंत ओढली होती, ती दारातच काढून हातात धरली. तात्यांनी ते डोकं नीट बघितलं. दहावा कधी, असं विचारलं. आज झाला, सकाळी. कुठे? राम घाटावर.

"राम घाट," तात्या म्हणाले. "इथून सायकलरिक्षानं जातात रे. मला खुर्चीत घालून नेलं असतं."

"बाबा, डॉक्टरांनी सांगितलं होतं टेन्शन... तुम्हाला काही झालं असतं तर?"

"तर दोघांचं एकदम उरकलं असतं तुझं. पुन्हा रजा काढायला नको."

शिरीषचं तोंड पडलं. तात्यांनाही ते जास्त झालं असावं. ते जरा वेळ तुळया मोजत राहिले. मग त्यांनी एकच गोष्ट विचारली, आणि विचारताना त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका लहान होता.

"कावळा शिवला?"

"हो बाबा," शिरीष म्हणाला. "लगेच. पिंड ठेवल्या ठेवल्या."

तात्या त्याच्याकडे बघून कडू हसले. टेन्शन न देणाऱ्या मुलाकडे बघून माणूस हसेल तसे. मग माझ्याकडे वळले. मी म्हणालो, तात्या, खरंच लगेच शिवला, मी तिथे होतो, डोळ्यांनी बघितलं. गुरुजींना विचारा. गणपतीची ती तुळस अजून माझ्या खिशात होती, ती मुठीत धरून मी शपथ घेतली.

"ग्वाल्हेरच्या पोराचं वजन किती म्हणालास?" तात्यांनी विचारलं.

छल्ला शेवटपर्यंत उत्तम चालला. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी तपासून पाठ थोपटली. तात्या जिना चढायला लागले, सायकलही चालवायला लागले. पण कुणाच्या फाटकाला ती पुन्हा टेकली नाही. मरण झालं की लोक बोलवायला यायचे, तेव्हा ते म्हणायचे, मला टेन्शन घ्यायचं नाही. घरात कुणी पाऊस पडतोय म्हटलं तरी उठून खिडकीतून हात बाहेर काढून बघायचे. शिरीषचा फोन आला की माईंना म्हणायचे, तूच बोल, मला काय खरं कळणार आहे. दरवर्षी दादांचं श्राद्ध शिरीष करायचा. तात्या पानावर बसायचे, जेवायचे, उठायचे. एकदा ते घाटावर गेले आणि गुरुजींना विचारून आले, असं मला कळलं. गुरुजींनीही तेच सांगितलं. आल्यावर माईंना म्हणाले, त्यालाही पढवून ठेवलंय तुम्ही.

माझी नागपूरला बदली झाली. निघायच्या दिवशी सामान ट्रकवर चढत होतं आणि मी निरोप घ्यायला त्यांच्याकडे गेलो. तात्या ओट्यावर खुर्चीत बसले होते, हातात बिनतेलाच्या चण्यांची वाटी. बदलीची चौकशी केली, घर मिळालं का विचारलं. मी वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"आता तर चाललास," ते हळूच म्हणाले. "माई आत आहे. शिरीष नाही इथे. आता तुला कुणाची भीड नाही. सांग. शिवला होता?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघून, पुढेमागे काही न जोडता, एका वाक्यात म्हणालो, "शिवला, तात्या."

त्यांनी मान हलवली. मनगट सोडलं. वाटीतले चार चणे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "तू बाकी सांगतोस छान."